सड्यावर सोडलेली म्हैस

"म्हातारा वर गेला ते मी बघितलंच नाही असं समजा," नाक्यावरचा वनरक्षक म्हणाला. "बघितलं म्हटलं तर मला वर जाऊन त्याला धरून आणावं लागेल, केस करावी लागेल. त्यापेक्षा बाई, तुम्हीच जा. दिवस मावळायच्या आत दोघं खाली दिसा म्हणजे झालं."

"आणि म्हैस?"

"म्हैससुद्धा मी बघितली नाही." त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "पण खरं सांगू का, असा माणूस बघितला नव्हता मी. परवा पहाटेचं धुकं होतं. म्हैस पुढं, आणि हा तिचं शेपूट धरून मागं. मी दोन हाका मारल्या. थांबला, माझ्याकडं पाठ करून समोरच्या झाडाला नमस्कार केला, आणि गेला."

मला हसू आलं होतं तेव्हा. धुक्यात शेपूट धरून चालणं ही आम्हा सड्यावरच्या माणसांची जुनी रीत. पावसाळ्यात पुढचा हात दिसत नाही असे दिवसच्या दिवस जातात; म्हैस मात्र कधी वाट चुकत नाही. आणि खाकी कपड्याला मामा घाबरायचे. त्यामुळं तो झाडाला केलेला नमस्कार मी मनावर घेतला नाही.

मामा म्हणजे माझे सासरे, धाकलू येडगे. आम्ही गवळी धनगर. काळवटीच्या सड्यावर आमची सात-आठ घरं होती. मी लग्न होऊन तिथं आले तेव्हा एकेका दावणीला वीस-वीस म्हशी होत्या. पुढं तो सगळा डोंगर अभयारण्यात गेला आणि आम्हाला खाली, पार पूर्वेकडच्या माळावर वसाहत मिळाली. पत्र्याची घरं, मुरमाड जमीन, डोक्यावर नुसतं ऊन. ओढा नाही, रान नाही. म्हशींना चारा विकत कुठून आणायचा? एकेक करत दावण रिकामी झाली. शेवटी चांदी राहिली. कपाळावर पांढरा चांद होता म्हणून चांदी. सासूबाई गेल्या त्या वर्षी ती जन्मली आणि मामांनीच तिला हातावर दूध पाजून वाढवली. आता ती म्हातारी झाली होती, आटली होती. त्या साली माळावर पाऊसच झाला नाही. बोअरचं पाणीही गेलं. माझ्या नवऱ्यानं, नवलूनं, व्यापाऱ्याला निरोप धाडला. महिनाअखेरच्या बाजाराच्या आदल्या दिवशी तो येऊन चांदीला नेणार होता.

त्याच्या आधीच एका सकाळी मामाही नव्हते आणि चांदीही नव्हती.

नवलू पाच-सहा दिवस तीन दिशांनी शोधत फिरला. मी म्हटलं, ते सड्यावर गेले असणार. तर म्हणाला, "तिथं कसा जाईल? चालत चार-पाच दिवसांची वाट. आणि तिथं हाय काय आता?"

"तिथं गवत हाय," मी म्हटलं. "भादवा चाललाय."

दुसऱ्या दिवशी मी पोरीला शेजारी ठेवलं, भाकरी बांधल्या आणि एसटीनं डोंगराच्या पायथ्याला उतरले.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. तरी ती चढण मला अजून पावलापावलाला आठवते. अर्ध्यापर्यंत दाट झाडी. जळवा, शेवाळ, वरून टिपटिप गळणारं पाणी. मग झाडं बुटकी होत जातात, वाऱ्यानं सगळी एकाच अंगाला कललेली. मग कमरेएवढी कारवी. आणि मग एकदम काहीच नाही. डोकं वर निघतं, आणि समोर सडा.

सडा म्हणजे काय, ते खालच्या माणसाला सांगून कळत नाही. डोंगराला माथा म्हणून टोक असावं, तर तो कुणी सुरीनं कापून नेल्यासारखा सपाट. कोसभर लांब, तेवढाच रुंद, सगळा जांभा खडक. भोकाभोकांचा, काळा पडलेला, कुठं पाय दिला तर घट्ट आणि कुठं दिला तर आत पोकळी असल्यासारखा डबडब वाजणारा. माती असली तर बोटभर. त्या बोटभर मातीतच गवत, सोनकी, तेरडा, आणि पाणी साचतं तिथं बारकी बारकी निळी फुलं, सीतेची आसवं म्हणतात ती. चार महिने असा पाऊस की उभं राहवत नाही. आणि फाल्गुनात तोंडात घालायला थेंब नाही. सगळं पाणी खडक पितो आणि खाली कड्याच्या पोटातून झऱ्यानं सोडतो. वरच्या माणसानं ते घागरीनं चढवून आणायचं. चारी बाजूंनी कडे. त्यातल्या पश्चिमेच्या कड्यावरून कोकणातलं धुकं वर येतं, आणि आलं की सडा, आभाळ, दरी सगळं एक होऊन जातं.

मी वर आले तेव्हा तसंच झालं होतं. वारा कानात भणभणत होता. पायाखालची म्हशींच्या खुरांनी घासलेली जुनी वाट तेवढी दिसत होती, तीही शेवाळानं हिरवी. मी हाक मारली. "मामाऽऽ!" वाऱ्यानं ती तोंडातूनच ओढून नेली.

खुणेचे दगड चाचपत चालले. आमची घरं सड्याच्या पूर्वेच्या खोलगटात होती, वारा अंगावर येऊ नये म्हणून. खोलगटात उतरले तसा वारा थांबला आणि घंटेचा आवाज आला. चांदीच्या गळ्यातली घंटा.

ती गुडघाभर गवतात उभी होती. ओली, काळीभोर, पाठीतून वाफा निघत होत्या. माळावर तिच्या बरगड्या मोजता यायच्या. आता पोट टम्म झालं होतं. माझ्याकडं बघून तिनं कान हलवले आणि पुन्हा तोंड खाली घातलं. तिच्या पलीकडं एका पडक्या भिंतीच्या आडोशाला मामा बसले होते, घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन.

"कोण? नवल्या का?"

"मी हाय, मामा. बनू."

"बने!" ते दचकले नाहीत, उठलेही नाहीत. "एकटी आलीस? बरं केलंस. बस. पाय भिजलं असतील."

मला वाटलं होतं ते तोंड फिरवतील, रागावतील. पण ते खुशीत होते. किती तरी दिवसांनी त्यांचा आवाज मोकळा वाटत होता. मी शेजारी बसले, भाकरी सोडली. भाकरीवर चटणी ठेवून हात पुढं केला. त्यांनी घेतली नाही. मी तशीच हात पुढं करून राहिले. ते समोर बघत बोलतच होते.

"आपलंच घर तेवढं पडलंय बघ. ही भिंत राहिली. नवल्याचा आजा लई घट्ट बांधायचा, तरी पडलं. वरच्या अंगाची घरं उभी असतील. बमूचं, कोंडीचं. पाऊस जरा उघडला की बमूच्या घरात चूल मांडतो. दसरा तिथंच करायचा."

"मामा, भाकरी घ्या."

"हां, हां." त्यांनी हात पुढं केला तो माझ्या हाताच्या वीतभर बाजूला. मी भाकरी त्यांच्या बोटांना लावली तेव्हा त्यांनी ती धरली.

तेव्हाही माझ्या डोक्यात शिरलं नाही. धुकं होतं, म्हातारं माणूस होतं, भूक लागली असेल. माणसाला जे कळून घ्यायचं नसतं ते त्याला उशिराच कळतं.

"घरी चला, मामा," मी म्हटलं. "ते रानोमाळ फिरलेत तुमच्यापायी. नाक्यावरच्या साहेबानं सोडलंय, दिवस मावळायच्या आत उतरायला सांगितलंय."

"मी न्हाई येत."

"मग काय करणार हितं?"

"काय करणार म्हणजे? जे आजवर केलं ते. म्हस राखणार."

"एक म्हस?"

"एक तर एक." त्यांनी भाकरीचा घास चावत चावत गिळला. "तिकडं ती दावणीला उभी राहून मातीत तोंड घालायची, बने. कडबा टाकला तर वास घ्यायची आणि सोडायची. मला रोज रातीला तिचा श्वास ऐकू यायचा. आन तो व्यापारी. त्याची गाडी कुठं जाती ते नवल्याला ठाव हाय, तुलाबी हाय."

मला ठाऊक होतं.

"हितं ती वर आली आन पहिल्यांदा काय केलं सांगू? खडकातल्या डबक्यात बसली. गळ्यापतूर. मी बाजूला उभा. दुपार झाली तरी उठंना." ते हसले. खरंखुरं हसले.

आणि त्याच वेळी वारा फिरला असावा. धुकं एकदम फाटलं, आणि ऊन आलं. सड्यावर असंच होतं. पडदा ओढल्यासारखं सगळं एका दमात समोर येतं. मामांना तोंडावर ऊब जाणवली असणार. त्यांनी खोळ मागं सारली, हात लांब केला आणि म्हणाले, "उघडलं! ती बघ, ती बघ खालची दरी. नदी दिसती का? आन हिकडं वरच्या अंगाला बमूचं घर. जांभळीखालचं."

त्यांचा हात दरीकडं नव्हता. भिंतीकडं होता.

मी त्यांच्या डोळ्यांकडं बघितलं. ऊन थेट त्यांच्या डोळ्यांत शिरत होतं आणि पापणी लवत नव्हती.

झाडाला केलेला नमस्कार. वीतभर बाजूला गेलेला हात. माळावर कित्येक महिने ते दाराबाहेर पडत नव्हते, ताट पुढं सरकवलं की आधी कडा चाचपायचे. मी म्हणायची, म्हातारपण. चार-पाच दिवसांची वाट, गाड्यांचे रस्ते, गावं, ओढे, सगळं त्यांनी त्या म्हशीच्या शेपटाला धरून पार केलं होतं. त्यांनी चांदीला सड्यावर आणलं नव्हतं. चांदीनं त्यांना आणलं होतं.

"मामा," मी विचारलं. "कधीपास्नं दिसत न्हाई तुम्हाला?"

त्यांचा हात खाली आला. घंटा वाजत होती.

"माळावर गेल्यापास्नं उतरत गेलं," शेवटी म्हणाले. "आधी कडंकडंनं गेलं. मग मधलंबी. शाळेत डोळ्यांचं शिबिर झालं तवा गेलतो मी, तुमाला न सांगता. डॉक्टरीण म्हणाली, काचबिंदू हाय, आतली शीर सुकलीया. गेलं ते गेलं, आता येत न्हाई. म्हटलं, बरं."

"आम्हाला सांगायचं न्हाई?"

"सांगून काय? तिथं बघण्यासारखं काय व्हतं?" त्यांनी भिंतीला पाठ टेकली. "हितलं सगळं मला दिसतंय, बने. कुठं काय हाय ते पाठ हाय. हितं मी आंधळा न्हाई."

मी उठले. ऊन स्वच्छ पडलं होतं. सबंध खोलगट माझ्यासमोर होता आणि त्यात काही नव्हतं. बमूचं घर नव्हतं. कोंडीचं नव्हतं. आम्ही गेल्यावर कुणी पुन्हा येऊन राहू नये म्हणून सगळी घरं उतरवली होती. लाकूड नेलं होतं, दगड लोटून दिले होते. जिथं अंगणं होती तिथं तेरडा माजला होता. जांभूळ मुळासकट आडवी पडली होती आणि तिच्या खोडावर शेवाळ होतं. बिरोबाच्या चौथऱ्याला कारवीनं गिळलं होतं. आमची ती एक कमरेएवढी भिंत, बाकी सडा. आम्ही कधी इथं नव्हतोच असा.

"दिसतंय का बमूचं घर?" मामांनी विचारलं.

मला हो म्हणता आलं असतं. हो म्हटलं असतं तर ते तिथंच राहिले असते, चूल मांडायला उठून चाचपत गेले असते, आणि त्या रात्री नाही तर दुसऱ्या रात्री कड्यावरून गेले असते. ते मला दिसत होतं. म्हणून मी खरं सांगितलं.

"न्हाई, मामा. घर न्हाई."

"पडलं?"

"एकबी घर न्हाई. कोंडीचंबी न्हाई. नुसतं गवत हाय."

"जांभूळ तरी?"

"पडलीया."

ते मान हलवत राहिले. एकेक गोष्ट विचारत गेले. पाण्याची कुंडी? बुजलीय. म्हशींचा गोठा? न्हाई. बिरोबाचा कट्टा? झाडीत गेलाय. त्यांच्या डोळ्यांत जे उभं होतं ते मी एकेक करून पाडत गेले. शेवटी विचारायला काही उरलं नाही तेव्हा ते थांबले. त्यांनी भिंतीवर हात ठेवला, वरून खाली फिरवला, जसा जनावराच्या पाठीवर फिरवतात.

"मग मी कुठं बसलोय गं इतकं दिवस?" ते हळूच म्हणाले.

मी रडत होते. त्यांना ते ऐकू येऊ नये म्हणून तोंडात पदर धरला होता. त्यांना ऐकू गेलंच असणार. पण ते म्हणाले एवढंच, "चल. येतो मी. पर चांदी न्हाई येणार."

"मामा, हितं रानकुत्री हाईत. वाघ हाय. आटलेली म्हातारी म्हस ती..."

"ठाव हाय. मला शिकवू नगंस. दिवाळीपतूर गवत हाय, मग ती आपसूक खाली ओढ्याच्या रानात उतरंल. तिथं जे काय व्हायचं ते व्हईल. वाघानं खाल्लं तर वाघ तिचा हाय, ती वाघाची हाय. पर त्या गाडीत ती चढायची न्हाई. एवढं तरी मला करू दे."

मी नवलूचा विचार केला, व्यापाऱ्याचा केला, माळावरच्या रिकाम्या दावणीचा केला. मग म्हटलं, "बरं."

"घंटा काढ तिची. आवाजावर जनावर येतंय."

मी घंटा सोडली. चांदीनं मान वाकवून सोडू दिली. मामांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला, कपाळावरच्या चांदावर तळवा ठेवला. काय बोलले ते ऐकू आलं नाही. घंटा त्यांनी भिंतीच्या सापटीत ठेवली. मग माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं आणि म्हणाले, "व्हय पुढं."

खोलगटातून वर आलो तोवर धुकं पुन्हा आलं होतं. मी खुणेचे दगड बघत चालले होते. मामा मागं. थोडं अंतर गेलो आणि त्यांनी पदर ओढला.

"थांब. आली."

मी वळून बघितलं. मला धुकं दिसत होतं. पण ऐकलं तर खडकावर खुरं वाजत होती, सावकाश, आमच्याच वाटेनं. धुक्यातून आधी तो पांढरा चांद आला आणि मग चांदी. आमच्यापासून चार हातांवर थांबली. आम्ही चालायला लागलो की ती चालायची.

"हाकल तिला," मामा म्हणाले.

मी हात उडवले, पदर झटकला. ती बघत राहिली. तिला आयुष्यात कुणी हाकललं नव्हतं. तिला वाटलं असेल, काही तरी द्यायला बोलावतायत. ती दोन पावलं पुढंच आली.

"हाण दगड."

"मला न्हाई हाणवत, मामा."

मामा खाली वाकले. खडक चाचपून त्यांनी एक दगड उचलला. तिचा श्वास जिथून येत होता तिकडं तोंड केलं आणि मारला. तो बाजूला गेला. दुसरा मारला. तिसरा लागला. कुठं लागला ते मला दिसलं. तुम्हाला सांगत नाही. चांदी ओरडली नाही. तिनं मान बाजूला घेतली आणि मागं सरली, आणि मामांनी आणखी एक उचलला, आणखी एक. "जाऽ! जा की गं माज्या आई, जाऽ!" आता दगड कुठंही जात होते. ती कधीच धुक्यात मागं गेली होती, तरी ते मारत होते. मी त्यांचा हात धरला तेव्हा तो मोकळा झाला.

"गेली?"

"गेली."

"उभी हाय. गेली न्हाई. उभी हाय." त्यांनी पदर धरला. "चल. आता बोलू नगंस. पाय वाजवू नगंस."

कड्याच्या वाटेपाशी आलो तेव्हा तिनं पहिला हंबरडा फोडला.

धुक्यात म्हैस हरवली की ती हंबरते आणि धनगर हाक देतो, मग ती हंबरते, मग हा हाक देतो, आणि असं करत दोघं एकमेकांना गाठतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत होते. मामांची हाक सबंध सड्यावर जायची. ती हंबरत होती आणि थांबत होती, उत्तराची वाट बघत होती. मग पुन्हा. मामांचा गळा वर-खाली होताना मला दिसत होता. तोंड उघडलं गेलं होतं. मग त्यांनी डोक्याच्या फेट्याचा सोगा ओढला आणि तो तोंडात कोंबला, दातांत धरला, आणि तसेच माझ्यामागून उतरायला लागले.

झाडी दाट होईपर्यंत आवाज येत होता. एकदा आणि मग थांबून आणखी एकदा.

नाक्यावर दिवे लागले नव्हते. वनरक्षकानं मामांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "म्हैस?" त्यानं विचारलं.

"कड्यावरनं पडली," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. त्यानं मामांना चहा दिला. कप त्यांच्या हातात नीट ठेवला, दोन्ही हात धरून. त्याला बहुतेक आधीच कळलं असावं.

घरी आलो तर नवलू दारात उभा होता. मामा म्हणाले, "नवल्या, तुझी म्हस मी घालवली." "चला, आबा," म्हणत त्यानं बापाला हात धरून आत नेलं, पाय धुतले. डोळ्यांचं मी त्याला नंतर सांगितलं, तेव्हा तो घरामागं जाऊन बसला. व्यापारी आला आणि शिव्या देऊन गेला.

मामा त्यानंतर ओट्यावर बसून असायचे. कधी कधी म्हणायचे, "आता सड्यावर गवत पोटरीला लागत असंल." किंवा, "आज वारं पश्चिमंचं हाय, चांदी खोलगटात गेली असंल." मी हो म्हणायची. नवलू उठून जायचा.

त्या सालात माळावर काम नव्हतं. नवलू तालुक्याच्या जनावरांच्या बाजारात जायचा, ट्रकमध्ये जनावरं चढवायला. सड्यावरचा माणूस, जनावर ओळखायचा. व्यापारी त्याला बोलवायचे. दिवाळी नुकतीच झाली होती. एका बाजारच्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला आणि आत न येता मला खुणेनं घरामागं बोलावलं.

"चांदी आलीती बाजारात," तो म्हणाला.

"कशी?" मी विचारलं.

डोंगराच्या पायथ्याच्या कुणी तरी तिला विकली होती. आम्ही उतरलो त्यानंतर ती सड्यावर राहिलीच नव्हती. आमच्या मागावर खाली आली होती आणि रोज संध्याकाळी नाक्याच्या फाटकाशी येऊन उभी राहायची. हाकलली की जायची, दुसऱ्या दिवशी परत यायची. शेवटी गावातल्या कुणी तरी दावं घातलं. माणसाची सवय असलेलं जनावर; कुणाच्याही मागं गेली असती.

"ट्रकला फळी लावली तर ती चढंना," नवलू सांगत होता. "चौघं मागनं मारत हुते. शेपूट पिरगाळलं. पाय रोवून उभी. तोंडातनं फेस. मी तिच्या मागल्या अंगाला हुतो, मला ठाव नव्हतं कोण हाय ते. पुढं गेलो तर चांद दिसला."

"मग?"

"ती मला वळखली, बने. मान घातली हितं." त्यानं छातीवर हात ठेवला. "मार चालूच हुता. थांबवून काय करणार? घरी आणून काय घालणार? त्यांनी तिला मारून मारून चढवलीच असती. मग मी तिच्या चांदावरनं हात फिरवला आन पुढं झालो. फळीवर चढलो आन हळूच हाक दिली, आबा देतात तशी. ती आपली चालत आली मागनं. ट्रकच्या पार आतपतूर."

घरातून मामांची हाक आली. "नवल्या, आलास न्हवं?"

"आलो, आबा." तो हात धुवायला हौदाकडं वळला, पण हौदाचा तळ दिसत होता. तसाच आत गेला. मी मागोमाग गेले.

मामांनी हात पुढं केला. नवलूनं आपला हात त्यांच्या हातात दिला, रोज देतो तसा. मामांनी तो धरला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, उलटा केला, तळवा आपल्या नाकाशी नेला. नवलूनं माझ्याकडं बघितलं.

"बाजारात काम हुतं," तो म्हणाला. "लई जनावरं हुती."

मामा हात तसाच नाकाशी धरून बसून राहिले. चुलीवरची भाकरी करपली तरी मला उलटायची शुद्ध नव्हती. मग त्यांनी तो हात सावकाश खाली केला, नवलूच्या मांडीवर ठेवला आणि सोडला.

"जेवून घे, पोरा," म्हणाले. "दमला असशील."

त्यानंतर मामा सात वर्षं जगले. सड्यावर गवत किती झालं असेल, हे ते पुन्हा कधी म्हणाले नाहीत.